चार टाचण्या

खिडकीतल्या बाईंनी तनुजाचा अर्ज परत सरकवला. "विभागातून निदान दोन अर्ज आले नाहीत, तर शिष्यवृत्ती रद्द. पाचला खिडकी बंद."

साडेचार झाले होते. तनुजा धावतच सूचनाफलकापाशी आली. शिष्यवृत्ती एकालाच मिळणार, म्हणून पंधरा दिवसांपूर्वी तिनेच अर्ज मागवणाऱ्या सूचनेवर फिशपाँडचं पोस्टर लावलं होतं. चार टाचण्या उपटून तिने ते खाली ओढलं आणि तडक कँटीन गाठलं. तिथे वर्गातलं एकच माणूस उरलं होतं. कायम पहिली येणारी रेवती.

"ऊठ गं! शिष्यवृत्तीचा अर्ज भर, आज शेवटची तारीख!"

रेवतीने तिला कडकडून मिठी मारली. "दुसरी कुणी असती ना, गुपचूप स्वतःचा भरून मोकळी झाली असती!"

तनुजाला उलट मिठी मारता येईना. मुठीत अजून चारही टाचण्या होत्या.