मागे पडणारं घड्याळ

"ते खोक्यातच राहू द्या ना," चिझुए म्हणाली. पण तोवर मोरिओने दोरी सोडलीसुद्धा होती. बाबांनी दिलेलं ते विजेचं घड्याळ नवऱ्याच्या हातात बघून तिला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासरी येऊन अजून आठवडाही झाला नव्हता.

"लाव की रे, बघू तरी," मुळा किसता किसता सासूबाई म्हणाल्या. "टोकियोच्या सुनांची घड्याळं इथे येऊन पळायला लागतात. कोपऱ्यावरची ती हाना, तिच्या घड्याळात दहालाच बारा वाजायचे. सासरा मेला ताट मांडून बसायचा."

तेही खरंच होतं. टोकियोकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, मधली नदी ओलांडली की या अंगाची साठ, आणि असली घड्याळं त्या हेलकाव्यांवरच चालतात. मोरिओची तर नोकरीच त्यावर होती. डोंगरातल्या नव्या केंद्रात घराएवढी यंत्रं होती. ती तिकडची वीज इकडच्यासारखी करायची आणि इकडची तिकडच्यासारखी.

चिझुएची लाज मात्र वेगळीच होती. हे घड्याळ टोकियोतच मागे पडायचं, तासाला चांगली दहा मिनिटं. आता सासरी चारचौघांत बाबांची शोभा होणार होती.

बाबा, म्हणजे तोकुजी, टोकियोत गल्लीतलं सार्वजनिक न्हाणीघर चालवायचे. आई गेल्यावर घरात दोघंच. मागच्या पानगळीत चिझुएने मोरिओचं सांगितलं, तेव्हा बाबा म्हणाले, "नदीपलीकडे दिलेली पोर पितरांच्या सणालासुद्धा येत नाही," आणि उठून बंबाशी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कधी नव्हे ते न्हाणीघर बंद ठेवलं. दिवसभर कुठे होते कोण जाणे, रात्री आले ते हे घड्याळ घेऊनच.

ते भिंतीवर चढलं आणि घराची घडीच विस्कटली. बाबा रोज पहाटे ते बरोबर लावायचे, तरी चिझुएची गाडी चुकायची, कचेरीत बोलणी बसायची. गिऱ्हाइकं बाबांना चिडवायची, "तोकुजी, तुमच्याकडे नवं वर्ष चेरी फुलल्यावर येणार वाटतं." दुरुस्तीचं काढलं की बाबांचं एकच, "चांगलं आहे ते. कोणी हात लावायचा नाही." रात्री चहा घेऊन त्याच्याचखाली बसायचे. चिझुए निजायला उठली की वर बोट दाखवायचे, "एवढ्यात कुठे? आत्ताशी साडेसात होतायत." ती चिडायची. सबंध हिवाळा लग्नाला काही त्यांनी होकार दिला नाही.

चेरी फुलली तेव्हा एकदम म्हणाले, "जा." भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्यांनी स्वतःच्या हातांनी तिच्या रुखवतात बांधलं. स्टेशनात तिला राहवलं नाही. "मोडकं घड्याळ देऊन बोळवण करताय माझी," ती म्हणाली. बाबा एवढंच म्हणाले, "पोचल्यावर लाव." निघताना ती त्यांना वाकलीही नाही. तेच आता तिला सलत होतं.

मोरिओने दुपारी रेडिओच्या बातम्यांवर वेळ लावली. "मोडकं आहे ते," म्हणून चिझुएने त्या भिंतीकडे पाठच केली. संध्याकाळच्या बातम्या लागल्या तसा मोरिओ हसला. "मोडकं म्हणत होतीस ना? मिनिटभराचाही फरक नाही बघ."

तिने वळून पाहिलं. काटे जिथे हवेत तिथेच होते.

मोरिओने घड्याळ उतरवलं, मागचे स्क्रू काढले. आत एक पितळी चाक होतं, नखाएवढं. त्यावर साठचा आकडा ठोकलेला.

"अगं, हे आमच्याकडचं आहे," तो म्हणाला. "टोकियोत मागेच पडणार बिचारं. हे तिकडे दुकानात मिळायचं नाही. सासरेबुवा नदी ओलांडून इकडे आले असणार."

सासूबाईंनी हात पुसले आणि चष्मा लावून त्या चाकाकडे बघत राहिल्या. "मनातलं बोलले नसतील, पण माणूस विचाराचा हो. लग्न ठरलं तसे लगेच निघाले म्हणायचे. कधी आणलं गं हे?"

चिझुएने घड्याळ मोरिओच्या हातून घेतलं आणि मांडीवर ठेवलं.

"पानगळीत," ती म्हणाली. "यांचं नाव मी घरात पहिल्यांदा काढलं ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी."