नावु

लिंक पाठवून ऋतुजानं फोन पालथा ठेवला. झाली एकदाची निवड. बल्गेरियातलं डोंगरावरचं एक हॉस्टेल. एकावर एक पलंग, सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर, स्कीइंगच्या पट्ट्या भाड्यानं तिथंच. युरोपात याहून स्वस्त बर्फ कुठं नव्हता. निदान तिला तरी इतके दिवस शोधून सापडला नव्हता.

तिचा नवरा सोमशेखर कंपनीच्या कामावर जर्मनीत होता. वर्ष होत आलं होतं. ही शोधाशोध ज्या फोनमुळं सुरू झाली तो एका दुपारी आला, तेव्हा सासूबाई, निंगव्वा, शेजारीच शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या असल्या की फोन स्पीकरवर आणि बोलणं कानडीत, हे ठरलेलं. फेब्रुवारीत नावु बर्फात जाणार, तो म्हणाला, स्कीइंगला. स्वस्तातली जागा तूच बघ, तुला शोधाशोध चांगली जमते. बर्फात जाऊन करायचं काय, असं निंगव्वांनी मध्येच विचारलं. घसरायचं, तो म्हणाला. त्यावर त्या म्हणाल्या, घसरायला एवढं लांब कशाला, मागच्या मोरीत शेवाळ आहे की. तिघंही हसली.

ऋतुजाचं माहेर करमाळ्याचं, घरात मराठीच. कानडी ती लग्नानंतर शिकली. सगळं जमलं, एक सोडून. आम्ही आणि आपण, दोन्हींना कानडीत एकच शब्द. नावु. पहिल्या वर्षी निंगव्वा पदर सावरत म्हणायच्या, नावु देवळाला जाणार. आणि ऋतुजा एक चप्पल पायात घालून दारात उभी राहायची. तिला धरून की सोडून, हे त्या फाटकापाशी मागं वळून बघायच्या तेव्हा कळायचं.

फोनवर कुणी वळून बघत नाही. नावु म्हणजे कोण कोण, हे विचारायला तिची जीभ रेटेना. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. त्याच्या फोटोंत हल्ली चार मित्र असायचे. कोण कुठं राहतं, कुणाचं लग्न ठरलंय, सगळं तिला पाठ होतं. तेच असणार. दोन दिवसांनी त्यानं रुद्राणीचा पाय केवढा झाला म्हणून विचारलं, तेव्हा तिनं लेकीचं पाऊल कागदावर गिरवून फोटो पाठवला. बूट धाडायचे असतील. उन्हाळ्यात त्यानं दोघींचे पासपोर्ट काढायला लावले होते. ते कपाटात साड्यांखाली पडून होते.

तरी पहिली जागा तिनं मनाशी निवडली ती निराळीच होती. स्लोव्हेनियातलं एक गाव. उतार घरांच्या दारापासूनच सुरू. लहान मुलांना वेगळी, बुटकी टेकडी. एका फोटोत एक बाई लेकराला मांडीत घेऊन घसरगाडीवर बसली होती. दोघांची नाकं लाल. ऋतुजा तो फोटो मोठा करून बघत राहिली. बाहेर शेजारच्या कारखान्यात मागांची खटखट चालली होती. थंडी पडली म्हणायची, पण दुपारचं ऊन तसंच. रुद्राणी फरशीवर गार जागा हुडकून पालथी झोपली होती. तेही गाव स्वस्तच होतं. पण पाच बाप्यांना बुटकी टेकडी काय करायची? तिनं ते पान बंद केलं.

मग ते हॉस्टेल सापडलं. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, बारा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. ती ओळ तिनं दोनदा वाचली आणि तिथंच तिचं ठरलं. लेकरांना मज्जाव असलेल्या ठिकाणी बायकोला नेलं नाही, तर त्यात कुणाचा दोष? शेजारणींनी विचारलं तर सांगता येईल. स्वतःलाही सांगता येईल. मागं राहायचंच आहे, तर राहण्याला धड कारण तरी असावं.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. लिंकपुढं निळ्या खुणा उमटल्या होत्या, म्हणजे बघितलं होतं. आवडली असेल, तयारीला लागले असतील. तिनं त्याच्यासकट पाच नावांना पाच पलंग वाटूनही टाकले.

सोमवारी निंगव्वा सिद्धेश्वराला गेल्या आणि फोन वाजला. घरात दुसरं मोठं माणूस नव्हतं, म्हणून तो मराठीत बोलला. दोघांची एकमेकांशी भाषा तीच. जेवलीस का, विचारलं. रुद्राणीचा खोकला कसा आहे, विचारलं. हॉस्टेलचं मात्र नाव काढेना.

"जागा पसंत नाही होय?" तिनंच विचारलं.

"तिथं लेकरांना घेत नाहीत, ऋतुजा."

"माहितीय," ती म्हणाली. "वाचूनच निवडली."

फोन कट झाला असं वाटून तिनं तो कानापासून काढून बघितला. चालू होता.

"यायचं नव्हतं तर सरळ सांगायचंस की," तो म्हणाला. "मी तर आपण तिघं धरून चाललो होतो."