डिकीतला दिवा

त्या भागात कुणाच्या गाडीची बॅटरी उतरली, की तो करंटकाकांना गाठायचा. ही पांढरी गाडी मात्र काकांच्याही नाकी नऊ आणत होती. नवी बॅटरी टाकली, तरी दर थोड्या दिवसांनी गाडी सकाळी ढिम्म हलत नसे.

"अल्टरनेटरच गेला असणार," मालक वैतागून म्हणाला.

"नाही हो साहेब, तो बिचारा नीट चार्ज करतोय. गाडी बंद असताना कुणीतरी गुपचूप करंट खातंय."

मालक फोनवर बोलत फाटकाकडे गेला. त्याची सहा-सात वर्षांची लेक काकांच्या मागेच घुटमळत राहिली.

काकांनी मीटर लावून एकेक फ्यूज काढायला घेतला. डिकीच्या दिव्याचा फ्यूज निघाला आणि काटा धपकन खाली आला. काकांनी डिकी उघडली. झाकण बसलं, की कडेचं बटण दबून दिवा विझायला हवा. पण बटणाखाली कुणीतरी केसांचा लाल चाप खुपसून ठेवला होता. ते दबणार कसं? झाकणाआड दिवा आपला जळतच राहायचा.

"सापडला चोर!" काका हसले. तसाच दुसरा चाप पोरीच्या केसांत होता. "हे तुझे उद्योग होय गं, छकुले?" म्हणत त्यांनी पक्कड पुढे केली.

पोरीने आधी फाटकाकडे पाहिलं, मग काकांची बाही घट्ट धरली.



"काका, तो नका ना काढू. पप्पांनी मला आत ठेवून डिकी लावली, की खूप अंधार होतो."