वाढत्या मापाची फळी
सातपूरच्या फायबरच्या वर्कशॉपमध्ये वडिलांनी, अण्णांनी, तिच्यासाठी बनवलेली सर्फिंगची फळी पाहून सृष्टीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या आठवड्यात ती मालवणला लाटांवर उभं राहायला शिकणार होती. म्हणून तिने फरशीवर खडूने नऊ फुटांची आकृती आखून दिली होती. अण्णांनी केली पाच फुटांची, वर गुलाबी रंग! “अण्णा, नवशिक्याला लांबरुंद फळी लागते. हिच्यावर उभंच राहता येणार नाही.” “मग बसून खेळ. एवढं धूड तुला झेपणार का?” कामगार हसले. तिने फळी उचलून खडूच्या आकृतीत आदळली. लहानपणी ढगळ गणवेशात ती स्वतः जशी दिसायची, तशीच फळी त्या रेघांमध्ये दिसत होती. “गणवेश, बूट, सायकल, सगळं वाढत्या मापाचं आणायचात तुम्ही, ‘वाढेल की पोर’ म्हणत. मी वाढेन असं तुम्हाला वाटायचं कधी बंद झालं, अण्णा?”