कोपऱ्यातला काळोख

"पुसा," सर म्हणाले.

वकीलसाहेबांनी पुसलं. निवृत्त झाल्यावर हौसेने लावलेल्या या चित्रकलेच्या वर्गात त्यांनी आतापर्यंत काढल्यापेक्षा पुसलंच जास्त होतं.

समोरच्या भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये ते चित्र होतं. कोळशाने काढलेली एक खोली, अंधूक खिडकी, खुर्चीत पाठमोरी बसलेली बाई आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात गच्च काळोख. सरांच्या गुरूंच्याही गुरूंनी काढलेलं. उजेड-सावली शिकायची तर आधी याची नक्कल करायची; खुद्द सर विद्यार्थी असताना तेच करून वर आले होते. चित्राला हात लावायचा नाही, हा वर्गाचा पहिला नियम. चित्राला अगदी खेटून बसायचं, हा दुसरा.

"काळं झालंय, पण खोल नाही झालं," सर म्हणाले. "बाईचं सगळं आयुष्य साचलंय त्या कोपऱ्यात. डोळे बारीक करून बघा."

वकीलसाहेबांनी डोळे बारीक केले. जन्मभर त्यांनी कोर्टाला नसलेलं दाखवलं होतं. आता समोर असलेला काळोख कागदावर उतरेना.

"आणि खिडकीतला उजेड थकलेला हवा."

"उजेड कसा थकेल, सर?"

"तुम्ही थकलात ना? तसाच."

वकीलसाहेबांनी रागाने कागदावर फुंकर मारली, फडका झटकला. शेजारच्या बाई खोकल्या आणि त्यांनीही आपला फडका झटकला.

घरी बायकोने त्यांचा रुमाल चिमटीत धरून वर उचलला. "अहो, चित्रकला शिकताय की इंजिनात कोळसा घालताय?"

"प्रदर्शनात लागणार आहे माझं चित्र."

"लागायलाच हवं. दादाला छाती ठोकून सांगून बसलाय."

दोष दादाचाच, म्हणजे बायकोच्या भावाचाच होता. जेवताना तो म्हणाला होता, "भावजी, या वयात रेघ सरळ आली तरी मिळवली." त्यावर वकीलसाहेब बोलून गेले, नुसतं लागणार नाही, मूळ चित्राच्या शेजारी लागेल. तो मान वर्गातल्या सर्वोत्तम नकलेचा होता.

प्रदर्शन तोंडावर आलं आणि हातातली कांडी तुटली. मग मात्र त्यांनी ताळतंत्र सोडलं. कोळशाचा चुरा तळव्याने कागदावर रगडला, खिडकीवरूनही हात फिरवला. कोपऱ्यात तर दातओठ खाऊन घासलं. करा काय करायचं ते.

सर बराच वेळ पाहत राहिले. मग चष्मा पुसत हळूच म्हणाले, "आता तुम्हाला काळोख कळला."

प्रदर्शन वर्गातच भरलं. बायको आणि दादा सगळ्यांच्या आधी आले. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी होती. दादाने इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"हुबेहूब आहे, भावजी," तो म्हणाला. हे म्हणताना त्याला त्रास होत होता.

वकीलसाहेब दाराशी उभ्या सरांकडे कृतार्थ नजरेने पाहत असतानाच बायको मूळ चित्राजवळ वाकली. काचेवरून एक बोट फिरवलं. बोटाकडे पाहिलं. मग पर्समधून रुमाल काढून बाटलीतल्या पाण्याने भिजवला.

"अगं, हात नको लावू—"

रुमाल दोनदा फिरला.

खिडकीतून भर दुपारचं ऊन खोलीभर सांडलं होतं. आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात एक गुबगुबीत मूल घंगाळात बसून, बाईच्या अंगावर पाणी उडवत खिदळत होतं.