दुर्बिणीतून

गिरिजाने चादरीखाली हात नेऊन पोट चाचपलं. मोठी चीर कुठेच लागली नाही. तीन-चार लहान पट्ट्या होत्या, बेंबीजवळची जरा लांब. बस.

भूल पुरती उतरली नव्हती. मीरा रोडच्या त्या हॉस्पिटलची खिडकी मध्येच पांढरीशुभ्र होई आणि त्या पांढऱ्यात भाईंदरची मिठागरं दिसत. मिठाच्या ढिगांमधून ती अनवाणी चालत होती. पायांना काही टोचत नव्हतं. दुरून कुणीतरी हाक मारत होतं, पण वळावंसं वाटत नव्हतं.

डोळे उघडले की पट्ट्या आठवत. कित्येक वर्षं आतड्याच्या सुजेने तिला पोखरलं होतं. आधी टीबी समजून औषधं झाली. मग क्रोन हे आजाराचं नाव कळलं. शेवटी आतडं एका जागी इतकं आवळलं की पेजही ठरेना. ऑपरेशनआधी डॉक्टर बरंच काही बोलले, तिच्या लक्षात एवढंच राहिलं, की दुर्बिणीने करून बघू. दोन हजार सात साल होतं. तिच्या माहितीत दुर्बीण घालत ती तपासायलाच. म्हणजे आत बघितलं आणि सोडून दिलं. रत्नागिरीला तिच्या वडिलांनाही असंच बघून घरी पाठवलं होतं. पुढे ते फार दिवस राहिले नाहीत.

तिला भीती वाटली नाही. सगळं कसं हलकं, तरंगतं होतं. स्टुलावर नवरा, नाथा, बसला होता. त्याचे डोळे लाल होते. तेवढं तिला पुरलं. थांबत थांबत तिने त्याला सांगून टाकलं, की आपल्या लेकीला, निशिगंधाला, गावी ठेवू नका, इथेच शांती नगरच्या शाळेत शिकवा. पोरीला जीव लावणारी कुणी भेटली तर दुसरं लग्नही करा, मला वाईट वाटणार नाही.

नाथाला आधी काही उमगेना. उमगलं तसा तो पुढे झुकला.

"अगं, झालं ऑपरेशन. त्या भोकांतूनच केलं. खराब आतडं कापून काढलं, चांगलं जोडलं. गोळ्या चालू राहतील, पण आठवड्याभरात घरी सोडतो बोलले डॉक्टर."

गिरिजाने पुन्हा पट्ट्यांवरून हात फिरवला. भिंतीवरचं ऊन हळूहळू तिच्या पायांवर आलं. नाथाला वाटलं, तिला परत झोप लागली.

"अहो," ती म्हणाली, "म्हणजे मी म्हातारी होणार?"