बैठक

लातूरचा नवा जिल्हा झाला आणि कॉलेजला होडी वल्हवायला शिकवणारे मडिवाळप्पा सर मिळाले. तळ्यात पाणी तेवढं मिळायचं राहिलं. नांदेडला गोदावरीवर पोरं तयार केलेला हा माणूस दुष्काळात मैदानावर बाकडी मांडायचा आणि पोरांच्या हाती बांबू देऊन हवेत वल्ही मारायला लावायचा. येणारे-जाणारे हसायचे. पोरांतला बसवंत तर रोज विचारायचा, "सर, पाणी कुठं हाय?"

"आधी बसायला शीक. पाठ ताठ! पाणी काय, येतंय की."

पाण्याआधी निवृत्ती आली. सर तळ्याकाठच्या आपल्या शेतात राहायला गेले. पुढं एका पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं, तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले. बसवंत धावत आला. "नांदेडहून होडी आणतो, सर. ऐतवारी बसू."

सर शुक्रवारीच गेले.

लिंगायतांत माणसाला बसवूनच माती देतात. शेतात खड्डा खणला, तर तळाला पाणी लागलं. जाणती माणसं म्हणाली, "दुसरीकडं खणू."

"राहू द्या," सरांच्या पत्नी उमाबाई म्हणाल्या. "लई वाट बघितली त्यांनी."

बसवंत खड्ड्यात उतरला. घोटाभर पाण्यात त्यानं सरांना बसवलं. अंग पुढं कलंडायला लागलं, तसा त्यानं पाठीला हात लावला.

"पाठ ताठ, सर," तो म्हणाला. "पाणी आलंय."